श्रोत्याच्या हाती ठेवलेला निर्णय

दि. ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले धर्मांतरविषयक भाषण ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने सर्वपरिचित आहे. त्याच्या युक्तिवादाची रीत आम्हांस विशेष अभ्यसनीय वाटते. विहिरीवर पाणी भरल्यामुळे, मुलांना शाळेत घातल्यामुळे होणारा छळ सांगून बाबासाहेब प्रथम श्रोत्यांच्याच अनुभवाची साक्ष काढतात. भावना जागृत होताच ते तर्काकडे वळतात. मनुष्यबळ, द्रव्यबळ व मानसिक बळ यांचा हिशेब मांडून, बाहेरून सामर्थ्य मिळविल्यावाचून गत्यंतर नाही, असे ते दाखवितात. उरतो वक्त्याचा अधिकार. समाजाचा अढळ विश्वास लाभलेल्या नेत्याला तेवढाही पुरेसा होता. तथापि समारोपात ते महापरिनिब्बानसुत्तातील, आनंदाला केलेला ‘अत्तदीप’ होण्याचा उपदेश सांगतात आणि निर्णय श्रोत्यांवर सोपवितात. श्रमण आपला गुरू आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नये, असे तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांनाही बजावले होते. दि. १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा तेव्हा वीस वर्षे दूर होती. भाषणाची रीत मात्र धम्माचीच होती. आपल्या व्यासपीठावरील प्रत्येक वक्त्यास, आम्हां लिहिणाऱ्यांसही, वाचकांनी हीच कसोटी लावावी.