विहिरीवरची मोटार : जुन्नर-आंबेगावातील वीजजोडणीचा इतिहास

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील बागायतीचा इतिहास सहसा धरणांच्या अंगाने सांगितला जातो, आणि येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे पाहता ते स्वाभाविकही आहे; परंतु नदीतले आणि विहिरीतले पाणी ऊस, कांदा व टोमॅटोच्या वावरात चढवले ते विजेच्या मोटारीने, आणि त्या मोटारीच्या जोडणीचा इतिहासही तितक्याच गांभीर्याने पाहण्याजोगा आहे.

बैलांच्या मोटेमागून डिझेल इंजिन आले, आणि 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यावर खेडोपाडी खांब उभे राहू लागले तशी विहिरींवर थ्री फेज मोटार आली. तीन तारांतून ठरावीक अंतराने चढउतार करणारा प्रवाह मोटारीत फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, या तत्त्वावर 1880 च्या दशकाच्या अखेरीस घडलेल्या या यंत्राला ब्रश लागत नाहीत व निगाही फारशी लागत नाही, म्हणून ते शेतात रुजले. तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरते. त्यामुळे डीपीवर, म्हणजे रोहित्रापाशी, दुरुस्ती झाल्यानंतर मोटार चालू असूनही पाणी नीट चढत नसेल, तर जाणता वायरमन पंप खोलण्याआधी स्टार्टरवरच्या दोन तारा बदलून पाहतो.

याच तीन तारांपैकी एक तुटली तर चालती मोटार उरलेल्या दोन तारांतून जवळपास पावणेदोन पट प्रवाह ओढते आणि तिचे वाइंडिंग, म्हणजे आतील तांब्याच्या तारेचे वेटोळे, जळते. ते टाळण्यासाठी स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो, जो जादा प्रवाह जाणवताच मोटार बंद पाडतो. भारनियमनाच्या काळात मात्र ही व्यवस्था विस्कटली. घरांना उजेड मिळावा पण पंप चालू नयेत, म्हणून काही तास वाहिनीवर सिंगल फेज पुरवठा ठेवला जाई, आणि पीक डोळ्यांदेखत सुकत असलेला शेतकरी कपॅसिटर लावून थ्री फेज मोटार त्यावरच चालवी. रिले आड आला तर तो बाद केला जाई आणि फ्यूज वारंवार उडू लागला तर त्यात जाड तार घातली जाई. हे अज्ञानातून घडले असे मानणे अन्यायाचे आहे, कारण पुरवठ्याच्या वेळांनीच ही जोडणी घडवली.

वीज रात्री येऊ लागल्यावर ऑटो स्विच आला, जो वीज परतताच मोटार आपोआप सुरू करतो. सुरू होताना मोटार नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढत असल्याने एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की दाब कोसळतो व रोहित्र जळू शकते. तरीही, उसात बिबट्या वावरत असलेल्या या तालुक्यांत रात्री विहिरीवर जाण्याऐवजी घरात बसून मोटार सुरू होणे शेतकऱ्याला अधिक सुरक्षित वाटले, यात नवल नाही.

सौर वाहिन्यांतून शेतीला दिवसा वीज देण्याची योजना 2017 मध्ये जाहीर झाली, आणि दिवसा वीज मिळते तेथे ऑटो स्विचची गरजच उरत नाही. म्हणून तो पुरवठा प्रत्येक वाहिनीवर पोहोचणे हाच खरा सुरक्षेचा उपाय आहे. अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीची, गोष्ट मात्र वेगळी आहे. 1956 च्या भारतीय वीज नियमांनीच अशा मोटारीच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग असावेत आणि ते मालकाने करावेत असे घालून दिले होते, आणि ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावणाऱ्या माणसाचा जीव त्यांच्यावरच अवलंबून असतो. पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक विहीरमालकाने ते दोन्ही तपासून घ्यावेत.