पुली नव्हे, डँपर!

कोल्हापुरात पूर्वी इंजिन म्हटलं की शेतातलं ऑइल इंजिनच. उसाला पाणी पाजणारं, एका सिलिंडरचं, संथ. त्याचा क्रँकशाफ्ट आखूड आणि जाड. तिथे पुलीचं काम एकच, पट्टा फिरवणं.

मोटारीत सिलिंडर वाढले तसा शाफ्ट लांबला. प्रत्येक स्फोटागणिक तो किंचित पिळतो आणि उलगडतो. ठराविक वेगाला हा पीळ वाढतच जातो आणि चक्क शाफ्ट तुटतो! विसाव्या शतकाच्या आरंभी सहा सिलिंडरच्या गाड्यांना हेच भोवलं. त्यावर फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१० साली डँपर शोधला. आजच्या बहुतेक डँपर पुलीत मधला हब आणि बाहेरचं बिडाचं कडं यांच्यामध्ये रबर असतं. कंप तेच गिळतं. रबर फाटलं की पुली बदलायची.

उद्यमनगरात हे काम करून घेताना माझे दोन आग्रह असतात. हातोडा नको, पुलर लावा, तोही हबला, कड्याला नाही. आणि "साधी पुली कातून देतो की!" याला नम्र नकार. साध्या पुलीवरही पट्टा फिरतो, गाडी पळते. आत शाफ्ट मात्र थकत राहतो. तो तुटतो तेव्हा पुलीची आठवण कुणालाच होत नाही.