भूमिगत कोळसाखाणीचें दप्तर : वरोरा व गोंडखैरी

कोपरखैरण्याच्या भूमींत कोळसा नाहीं. पारसिकाच्या डोंगराचा काळा कातळ व ठाण्याच्या खाडीचा गाळ, एवढेंच येथें सांपडतें. तरीहि प्रस्तुत लेखाच्या विषयाशीं या गांवाच्या प्रांताचा संबंध आहे. चंद्रपूरकडील वीज सुमारें ७५२ किलोमीटर लांबीच्या तारमार्गानें भिवंडीनजीकच्या पडघ्यास येते, व तिच्या मुळाशीं वर्धेच्या खोऱ्यांतील कोळसा आहे. तेव्हां त्या कोळशाचे कागद चाळणें आम्हांस परकें वाटलें नाहीं.

या खोऱ्यांतील भूमिगत खाणीचा कागदोपत्रीं इतिहास वरोऱ्यापासून धरावा. तेथील खाण १८७० नंतरच्या दशकांत सरकारनें चालविली. कोळसा नेण्यासाठीं वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग झाला. १९०६ सालीं खाण बंद पडली. भूस्तरशास्त्रज्ञ ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यावरील ग्रंथ १८७७ सालचा, व चांदा जिल्ह्याचें गॅझेटियर १९०९ सालचें. या वर्गाच्या कागदांचा मुख्य प्रश्न कोळसा किती, कसा, व किती खोल, हा आहे. आज ज्यास पर्यावरण म्हणतात तें स्वतंत्र प्रकरण म्हणून त्या काळच्या लेखकांपुढें नव्हतें, व त्याबद्दल त्यांस दोष देणें युक्त होणार नाहीं.

नियंत्रणाचा क्रमहि ध्यानांत घ्यावा. हिंदुस्थानांत खाणींचा पहिला तपासनीस ग्रंडी हा १८९४ सालीं नेमला गेला. खाणींचा कायदा १९०१ सालीं झाला. तपासणीची कचेरी ७ जानेवारी १९०२ रोजीं कलकत्त्यास उघडली. म्हणजे वरोऱ्याच्या खाणीचें बहुतेक आयुष्य कायद्यापूर्वींच सरलें होतें. शिवाय मालकहि सरकार व तपासनीसहि सरकारचाच. पुढील कायद्यांची दृष्टि खाणींतील मनुष्यावर व कोळशाच्या नासाडीवर होती. पोकळींत वाळू भरण्याविषयींचा १९३९ चा कायदाहि याच दोन हेतूंनीं झाला. वरच्या शेताची व विहिरीची फिर्याद ऐकणारें खातें अद्याप जन्मास यावयाचें होतें.

परंतु विहीर व खाण यांचें नातें जुनेंच आहे. कोळशाच्या थरांत गल्ल्या खोदून मध्यें खांब राखावयाचे, व अखेरीस ते खांबहि काढून घ्यावयाचे, ही रीत. खांब गेले कीं छत बसतें, व त्याबरोबर वरची जमीन खचते. वर्धेच्या खोऱ्यांत कोळशावर बहुधा कामठीचा वालुकाश्म असतो, व तो पाणी धरणारा आहे. खाण कोरडी राखण्यास उपसा करावा, तों आसपासच्या पाण्याची पातळी उतरते. शिवाय हा कोळसा हवा लागतांच आपोआप तापून पेट घेणारा. तेव्हां बंद केलेली खाण संपली, असें मानणें धाडसाचें होय.

येथें जुन्या कागदाचें मोल केवळ विद्वत्तेचें राहत नाहीं. १९७५ च्या डिसेंबरांत धनबादजवळच्या चासनाला येथें पाण्यानें भरलेल्या जुन्या खाणीचें पाणी खालच्या खाणींत शिरून ३७५ माणसें गेलीं. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील क्वीक्रीक येथें २००२ च्या जुलैंत नऊ खाणकामगार असेच पाण्यांत अडकले. शेजारच्या सोडून दिलेल्या खाणीचा जो नकाशा हातीं होता तो अखेरचा नव्हता. अखेरचा मागाहून एका संग्रहालयांत, एका दिवंगत खाणतपासनिसाच्या कागदांत, सांपडला. नऊहि जण वांचले, हें दैव. संग्राहकांनीं ही हकीकत अवश्य ध्यानीं धरावी. आपल्या पेट्यांत काय पडून आहे हें आपणांस तरी कोठें ठाऊक असतें!

पर्यावरण-परीक्षणाचा निर्बंध २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेनें आला, जनसुनावणीची तरतूद १९९७ सालीं झाली, व २००६ च्या अधिसूचनेनें सर्वांस नवें रूप दिलें. तिच्या अन्वयें अहवालाचा सारांश स्थानिक भाषेंतहि द्यावयाचा, सूचना किमान ३० दिवस आधीं काढावयाची, सुनावणीचें चित्रण करावयाचें, व ग्रामस्थांचे आक्षेप आणि अर्जदाराचीं उत्तरें यांचें टिपण स्थानिक भाषेंत व इंग्रजींत तयार करावयाचें.

१३ जुलै २०२३ रोजीं नागपूरजवळील गोंडखैरी येथील योजलेल्या भूमिगत खाणीची सुनावणी याच पद्धतीनें झाली. तेथें ग्रामस्थांनीं विरोध नोंदविला, व त्यांची मुख्य चिंता पाण्याची होती. (गोंडखैरी व कोपरखैरणें या दोन्ही नांवांत खैर दिसतो, व्युत्पत्तीचा आग्रह आम्ही धरीत नाहीं.) वरोऱ्याच्या कागदांत शेतकरी बोलत नाहीं, गोंडखैरीच्या कागदांत तो बोलतो, व मराठींत बोलतो. भावी संशोधकास हें साधन गांवच्या महजराइतकें मोलाचें ठरेल, असें आमचें मत आहे. परंतु महजर कापडांत बांधून राहिला. हे सारांश ग्रामपंचायतीच्या कपाटांत कसरीच्या स्वाधीन होतात. अहवाल पानोंपानीं विश्वसनीय असतो असेंहि नव्हे. तो अर्जदाराच्याच खर्चानें तयार होतो, हें वाचतांना विसरूं नये.

वरोरा, बल्लारपूर वा खोऱ्यांतील अन्य बंद खाणींचे आराखडे, हजेरीपट, उपशाच्या नोंदी अथवा सुनावणीचीं मराठी टिपणें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांची नक्कल आम्हांकडे धाडावी. आराखड्यावर तारीख व तपासनिसाची सही असल्यास तेवढा भाग अवश्य उतरून घ्यावा.