प्रस्तावना: न दिसणाऱ्या दाबाची शिस्त

स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले आणि रायफल नेमबाजीची भाषा अनेक मराठी घरांत पोचली. त्या स्पर्धेतले काडतूस .२२ रिमफायर जातीचे असते. पेट घेणारे मिश्रण त्याच्या बुडाच्या कडेतच भरलेले असते. पिन आपटली की कडा चेपते आणि पुंगळी कायमची बाद होते. या पुस्तकाचा विषय दुसऱ्या घराण्यातला, म्हणजे सेंटरफायर काडतुसांचा आहे. त्यांच्या बुडाशी मधोमध प्रायमर नावाची छोटी धातूची टिकली बसवलेली असते. बार झाला की प्रायमर, दारू आणि गोळी खर्ची पडतात. पितळेची पुंगळी मात्र हातात उरते. ती साफ करायची, डाय नावाच्या साच्यातून दाबून पुन्हा मापात आणायची, तिच्यात नवा प्रायमर, तोललेली दारू आणि नवी गोळी बसवायची, याला रीलोडिंग म्हणतात.

हा छंद अमेरिकेत रुजला, याला एक यांत्रिक कारण आहे. १८६० च्या दशकात दोन तऱ्हेचे प्रायमर पुढे आले. अमेरिकन हायरम बर्डनच्या रचनेत प्रायमरचे मिश्रण ज्यावर चेपून पेटते ती ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि ज्वाला आत जायला सहसा दोन बारीक छिद्रे असतात. ब्रिटिश कर्नल एडवर्ड बॉक्सरने ऐरण प्रायमरमध्येच घातली, त्यामुळे पुंगळीला मधोमध एकच छिद्र पुरले. पुढे अमेरिकेने ब्रिटिश माणसाची रचना उचलली आणि युरोपच्या मोठ्या भागाने अमेरिकन माणसाची. बॉक्सर पुंगळीत तोंडाकडून सळई घातली की जुना प्रायमर एका दाबात खाली पडतो. एवढ्या सोयीवर एक अख्खी गृहविद्या उभी राहिली. १८७० च्या दशकात बायसनच्या मागावर महिनोन्‌महिने मैदानात राहणारे शिकारी तळावरच काडतुसे भरत. १८८४ मध्ये जॉन बार्लोने न्यू हेवन येथे ‘आयडियल’ कंपनी काढून भरणीची हातहत्यारे विकायला सुरुवात केली. १९२५ मध्ये ती लायमन कंपनीकडे गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडनने सैन्याची शिल्लक दारू सामान्य नेमबाजांना विकली, १९४९ मध्ये जॉइस हॉर्नडीने नेब्रास्कात गोळ्या बनवण्याचा उद्योग सुरू केला, आणि छंदाला बाजारपेठ मिळाली.

बार्लोने कंपनी काढली त्याच १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्येईने बिनधुराची दारू तयार केली. त्याआधीच्या काळ्या दारूत एक अंगभूत संरक्षण होते. पुंगळी काठोकाठ भरली की योग्य माप झाले. जास्त घालायला जागाच नसे. बिनधुराची दारू वजनास वजन कितीतरी अधिक शक्तीची, त्यामुळे थोडीशीच पुरते आणि पुंगळीत पोकळी राहते. शिवाय तिचा स्वभाव वेगळा आहे. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. म्हणून दारूचे वजन थोडे वाढले तरी दाब त्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून पुष्कळ जास्त उसळतो. गोळी ठरल्यापेक्षा खोल बसली, आतली जागा कमी झाली, तरी तोच परिणाम होतो.

हा दाब किती असतो? अमेरिकेत १९२६ पासून ‘सामी’ ही उत्पादकांची संस्था काडतुसांची मानके ठरवते. तिच्या मानकानुसार .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला १७,००० पौंड, तर .३०-०६ या रायफलीच्या काडतुसाची ६०,००० पौंड आहे. मोटारीच्या टायरमध्ये आपण त्याच मापाने तीसबत्तीस पौंड हवा भरतो. कारखान्यात आणि प्रयोगशाळेत हा दाब खास चाचणी-नळीला लावलेल्या पिझोइलेक्ट्रिक संवेदकाने मोजतात. घरातल्या टेबलावर तसले काही नसते. डोळ्यांना दाब दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि तो धोक्याच्या पातळीवर गेल्याच्या खुणा पुंगळीवर उमटतीलच, उमटल्या तरी वेळेवर उमटतील, याचा भरवसा नाही.

माझ्या मते या क्षेत्राचा गाभा इथेच आहे. जी गोष्ट आपल्याला मोजता येत नाही, ती ज्यांनी मोजली आहे त्यांच्या आकड्याला चिकटून राहायचे, आणि जे जे आपल्याला मोजता येते ते ते दोनदा मोजायचे. सुरक्षिततेचे नियम या एकाच विचाराच्या फांद्या आहेत. म्हणूनच या पुस्तकात दारूच्या वजनाचा एकही तक्ता छापलेला नाही. तक्ता घ्यायचा तो दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू आवृत्तीतून, सुरुवात करायची ती त्यात दिलेल्या आरंभीच्या वजनापासून, आणि त्यातला कोणताही घटक मनाने बदलायचा नाही. मित्राच्या वहीतले वजन कितीही खात्रीचे वाटले तरी ते वापरायचे नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. .३८ स्पेशल हे काडतूस १८९८ च्या सुमारास काळ्या दारूसाठी आखले गेले, म्हणून त्याची पुंगळी ऐसपैस आहे. आज त्यात जलद जळणाऱ्या दारूचे काही मोजके ग्रेन पडतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. तेवढी दारू तळाशी कुठेतरी बसते. लक्ष विचलित झाले आणि त्याच पुंगळीत दुसरे माप पडले, तर तेही सहज मावते, वर गोळी नीट बसते, आणि बाहेरून काडतूस निर्दोष दिसते. त्यावर उपाय साधा आहे. दारू भरलेल्या पन्नास पुंगळ्या छिद्रांच्या लाकडी ठोकळ्यात उभ्या ठेवायच्या, गोळी बसवण्यापूर्वी दिवा तिरका धरून एकेका पुंगळीत डोकवायचे आणि सगळ्यांतली पातळी सारखी आहे ना हे पाहायचे. एखादीत दुप्पट दारू असेल तर ती लगेच नजरेत भरते. रिकामी राहिलेलीही सापडते, आणि तीही तितकीच घातक असते. दारू नसली तर एकटा प्रायमर गोळीला नळीत ढकलून तिथेच अडकवू शकतो आणि मागून आलेली पुढची गोळी नळी फोडू शकते. म्हणून बाराचा आवाज दबका वाटला की थांबायचे, बंदूक रिकामी करायची आणि नळी आरपार मोकळी आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही.

पुंगळीचेही एक शास्त्र आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या पावसाळ्यापर्यंत येतो. काडतुसाचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजा पावसाळ्यात दारूगोळा घोड्यांच्या पागांत ठेवत. कोरडे दिवस आले की कितीतरी पुंगळ्या तडकलेल्या निघत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि घडवताना पितळात राहिलेला ताण, या दोहोंच्या संगतीने त्या तडकत, हा उलगडा १९२१ मध्ये झाला. आजच्या वाचकाने त्यातून घ्यायचा धडा असा की अमोनिया असलेले पॉलिश पुंगळ्यांना लावू नये. शिवाय प्रत्येक बाराला पुंगळी थोडी ताणली जाते आणि बुडाच्या किंचित वर आतून पातळ होत जाते. बाहेर तिथे चकचकीत कडे दिसू लागते. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवली की खाच लागते. ती लागली की पुंगळी भंगारात टाकायची.

खोलीची शिस्तही याच विद्येचा भाग आहे. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा असावा. दारू आणि प्रायमर मूळ वेष्टनातच, मुलांपासून दूर, कुलपात ठेवावेत. दारू भक्कम बंद लोखंडी पेटीत कधीही ठेवू नये, कारण आग लागली तर मोकळी दारू भडकून जळते आणि कोंडलेली फुटते. प्रायमरमध्ये बहुधा शिशाचे संयुग असते. ते पुंगळ्या साफ करतानाच्या धुळीत उतरते. म्हणून टेबलाजवळ खाणेपिणे नको, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा पहिल्या मिनिटापासून हवा.

कायद्याबद्दल स्पष्टच सांगतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला संघीय परवाना लागत नाही, विक्रीसाठी बनवायला लागतो. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवान्याविना दारूगोळा बनवणे गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा कठोर आहे. तेव्हा प्रात्यक्षिकाची प्रकरणे जिथे हा छंद कायदेशीर आहे तिथल्या मराठी नेमबाजांसाठी आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकाने हे पुस्तक धातुशास्त्र, ज्वलन आणि इतिहास यांच्या ओढीने वाचावे. १८६९ पासून खडकीत दारूगोळ्याचा कारखाना चालत आला आहे. तिथल्यासारख्या कामामागे कोणते विज्ञान उभे असते, ते यातून उमगेल.

नव्या वाचकाला माझे सांगणे असे आहे. आधी हत्यारे घेऊ नका. एक प्रमाणित हस्तपुस्तिका घ्या आणि तिचा तक्त्यांपूर्वीचा सगळा मजकूर वाचा. मग अनुभवी माणसाशेजारी बसून त्याचे काम पाहा. पहिला प्रेस (भरणीचे दाबयंत्र) साधा, एका वेळी एकच क्रिया करणारा घ्या, म्हणजे प्रत्येक पायरी तुमच्या हाताखालून जाईल. वेग वाढवण्याच्या नादी लागू नका. मन थकलेले असेल त्या दिवशी टेबलाशी बसूच नका. एवढे पाळणाऱ्याला हे क्षेत्र भरभरून देते. लक्ष्यावर गोळ्यांचा गट आवळत जातो आणि तो का आवळला याचे उत्तर स्वतःच्या नोंदवहीत सापडते. अचूकतेची आवड असलेल्या प्रत्येकाचे या अभ्यासात मनापासून स्वागत आहे.