तळटीप : पाचगणीचे 'हेक्टिक्स'

१७. 'पाचगणीचा पियानोवाला' : फारोख बलसारा, म्हणजे पुढे गाजलेला फ्रेडी मर्क्युरी (१९४६–१९९१). १९५८च्या आसपास सेंट पीटर्स शाळेतल्या पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. बेस गिटार कुठली असायला? चहाच्या खोक्याला दांडा नि दोरी लावून भागवलं. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी शाळेच्या कार्यक्रमांत वाजत; ऐकायला किमिन्स शाळेच्या मुली. मुख्य गायक मात्र ब्रूस मरे. बलसारा पियानोवर, मागून सूर धरणारा. तेव्हा 'फ्रेडीचा बँड' हे नंतरचं कौतुक. १९६०नंतरच्या दोन-तीन वर्षांत मुलं पांगली, बँड मोडला. ड्रम बडवणारे व्हिक्टरी राणा पुढे नेपाळी सैन्यात लेफ्टनंट जनरल झाले.