कातडे कमावणे, खवले कमावणे

न्युरेम्बर्गला पाहुणे आले की तुम्ही त्यांना वाइसगेर्बरगासे दाखवायला नेत असाल. लाकडी चौकटींची ती जुनी घरे २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यातून बरीचशी वाचली. फोटो सगळेच काढतात, गल्लीच्या नावाचा अर्थ फारसे कोणी विचारत नाही. वाइसगेर्बर म्हणजे तुरटी वापरून पांढरे, मऊ कातडे कमावणारे. ओकच्या सालीत कातडे मुरवणारे ते रोटगेर्बर.

या शहराने आपले कारागीर लक्षात ठेवले. कोनराड मेंडेल या व्यापाऱ्याने १३८८ मध्ये बारा वृद्ध कारागिरांसाठी आश्रम काढला. तिथल्या रहिवाशांची चित्रे सुमारे १४२५ पासून एका वहीत काढली गेली. त्यांत कातडे कमावणारे आहेत आणि चौकटीवर कातडे ताणून चर्मपत्र करणाराही आहे.

चर्मपत्र आणि चामडे, दोन्ही मुळात कोलॅजेनच. पण चर्मपत्र नुसते ताणून वाळवलेले असते. ते उकळले तर त्याचा सरस होतो. नीट कमावलेले चामडे उष्णतेला आणि पाण्याला कितीतरी जास्त टिकते. असे का? कोलॅजेनचा रेणू म्हणजे तीन पदरांची वेणी. ही रचना १९५४ मध्ये मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. उष्णतेने वेणीचे पदर सुटतात. सालीतले टॅनिन शेजारच्या वेण्या एकमेकींना बांधून ठेवते. तुरटीची गाठ कच्ची, पाण्याने सुटणारी. सालीची त्यापेक्षा पक्की.

हीच विद्या कोल्हापूरच्या परिसरात बाभळीची साल आणि हिरडा वापरून पिढ्यानपिढ्या चालत आली. कातडे कमावायचे ढोर समाजाने, चपला शिवायच्या चांभार समाजाने. आपला हिरडा युरोपातही जात असे. तिथल्या चामड्याच्या व्यापारात हिरड्याच्या एका प्रतीचे नावच ‘विंगोर्ला’ होते, म्हणजे आपले वेंगुर्ले!

आता माशाच्या खवल्यांकडे या. इथला कार्प आणि आपला रोहू एकाच कुळातले. त्यांचे खवले आपण कचऱ्यात टाकतो, पण त्यांत कोलॅजेन भरपूर असते. आम्लाने त्यातला चुन्याचा अंश काढला की कोलॅजेन वेगळे करून त्याचा पातळ पडदा बनवता येतो. जखम झाकायला किंवा दातांच्या शस्त्रक्रियेत हाड भरून येईपर्यंत आडोसा म्हणून असे पडदे वापरतात. गायीच्या किंवा डुकराच्या कोलॅजेनला ज्यांची हरकत असते, त्यांनाही माशाचे चालू शकते. अडचण एकच. बऱ्याच माशांचे कोलॅजेन आपल्या शरीराच्या ३७ अंशांच्या आतच सैल पडते. शिवाय शरीरातली विकरे ते लवकर पचवून टाकतात.

म्हणून पडदा ‘कमावावा’ लागतो. ग्लुटारल्डिहाइड वापरले तर गाठ घट्ट बसते. डुकराच्या हृदयाच्या झडपा माणसात बसवण्यासाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याचाच वापर झाला. पण ते पडद्यात शिल्लक राहिले तर पेशींना विषारी ठरते. कार्बोडायइमाइड वेण्यांची आपापली टोके जोडून देते आणि स्वतः धुऊन निघून जाते. गार्डेनियाच्या फळापासून मिळणारे जेनिपिन त्यामानाने सौम्य. गाठी फार झाल्या तर पडदा ताठ होतो, कमी पडल्या तर विरघळतो. किती मुरवायचे याचा हाच अंदाज कोल्हापूरचा कारागीर हाताने चाचपून घेत आला.

प्रयोगशाळेतल्या या कामाला प्रतिष्ठा आहे. जर्मनीत गेर्बर हे आडनाव कोणी लपवत नाही. आपल्याकडे मात्र ज्यांनी हे काम केले त्यांना गावाबाहेर ठेवले, त्यांच्या हातचे पाणी वर्ज्य मानले आणि त्यांनी केलेली चप्पल तेवढी मिरवली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वस्तूला मान मिळाला, माणसाचा हिशोब अजून बाकी आहे.

एरलांगेनला रसायनशास्त्र किंवा पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनो, क्रॉसलिंकिंगला मराठी शब्द शोधत बसू नका. ‘कमावणे’ हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. तुमच्या प्रबंधात टॅनिंगच्या इतिहासाचा परिच्छेद येईल, तेव्हा त्यात न्युरेम्बर्गच्या गेर्बरांशेजारी कोल्हापूरच्या ढोरांचेही नाव लिहा.