उन्हातले कारखानदार

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

स्वाहिली भाषेत 'जुआ' म्हणजे सूर्य आणि 'काली' म्हणजे कडक, तापट. पण नैरोबीत कुणाला 'तुमचा मुलगा काय करतो?' असं विचारलं आणि 'जुआ कालीत आहे' असं उत्तर आलं, तर तो उन्हात भटकतोय असा त्याचा अर्थ होत नाही. तो पत्रा ठोकत असेल, वेल्डिंग करत असेल, जुन्या मोटारींची इंजिनं खोलत असेल किंवा पलंग बनवत असेल. डोक्यावर छप्पर नसलेल्या जागी, भर उन्हात बसून काम करणाऱ्या कारागिरांना लोकांनी हे नाव दिलं आणि बघता बघता ते देशाच्या अर्ध्याअधिक उद्योगाचं नाव होऊन बसलं. आज केनियात शेती सोडून इतर कामांवर पोट भरणाऱ्या दर १०० माणसांपैकी ८० हून अधिक जण या ना त्या प्रकारच्या असंघटित धंद्यात आहेत.

गरीब देशात कारखानदारी कशी वाढवायची, नवी वस्तू तिथल्याच माणसाने तिथेच घडवावी यासाठी काय करायचं, हा प्रश्न आपल्यालाही अपरिचित नाही. आफ्रिकेत तो अधिक बोचरा आहे, कारण तिथल्या बहुतेक देशांना स्वातंत्र्य मिळालं तेव्हा गावठी धंदे मोडलेले होते आणि नवे उभे राहिलेले नव्हते. केनियाच्या पश्चिमेला सामिया लोकांचे लोहार स्वतः लोखंड गाळून कुदळी घडवत आणि त्या लांबलांबच्या बाजारांत जात. इंग्लंडहून स्वस्त कुदळी आल्या आणि ही भट्टी विझली. हे आपण आपल्याकडच्या विणकरांच्या बाबतीत शाळेत शिकलोच आहोत, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

पुढची गोष्ट मात्र आपल्याला ठाऊक नसते, आणि तिचा आपल्याशी संबंध आहे. १८९६ साली इंग्रजांनी मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकायला घेतली. १९०१ मध्ये ती सरोवराला पोचली. सुमारे साडेनऊशे किलोमीटरच्या या कामासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, बत्तीस हजारांच्या आसपास मजूर आणि कारागीर कराचीहून बोटीने नेण्यात आले. अडीच हजारांच्या घरात माणसं तिथेच मेली. बहुतेक परत आले, सहा-सात हजार मागे राहिले. त्यांच्यात सुतार होते, लोहार होते, गवंडी होते. रेल्वेच्या नैरोबीतल्या कार्यशाळेत आणि पुढे स्वतःच्या छोट्या दुकानांत त्यांनी हातोडा चालवला. शीख कारागिरांना तिथे 'कालासिंगा' म्हणत. स्वाहिलीत दुकानाला 'डुका', गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा' म्हणतात आणि चपातीला चपातीच म्हणतात. यावरून या वस्तीचा ठसा किती खोल उमटला ते कळावं.

या भारतीय मिस्त्र्यांच्या हाताखाली आफ्रिकन पोरं मदतनीस म्हणून राहिली. भाता ओढायचा, पत्रा धरायचा, झाडलोट करायची. मिस्त्री शिकवत असे म्हणणं धाडसाचं होईल. पोरं बघून शिकली. वसाहतीच्या उतरंडीत वर गोरा, मध्ये भारतीय आणि तळाला आफ्रिकन अशी पायरी ठरलेली होती. वरच्या पायरीवरच्याला आपली विद्या खालच्याच्या हाती जाऊ द्यायची फारशी इच्छा नसते. आपल्या लोकांनी तिथे कष्ट केले, हाल सोसले हे खरं. पण पगारात आणि मानात जो भेद त्यांना गोऱ्यांकडून मिळाला, तोच त्यांनी पुढे खाली पोचवला, हेही तितकंच खरं. आपल्याकडे या विषयावर बोलताना पहिली बाजूच सांगायची पद्धत आहे.

१९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला. १९६७ मध्ये व्यापार परवान्यांचा आणि स्थलांतराचा असे दोन कायदे आले. ज्या भारतीयांनी केनियाचं नागरिकत्व घेतलं नव्हतं त्यांना ठरावीक भागांत, ठरावीक मालाचा व्यापार करायला बंदी झाली. हजारो कुटुंबं ब्रिटनला निघाली. इतकी, की १९६८ च्या मार्चमध्ये ब्रिटनने घाईघाईने कायदा करून आपलं दार ओढून घेतलं. मागे राहिलेल्या अनेकांनी दुकानं सोडून कारखाने काढले. आणि बाजारपेठांतल्या ज्या छोट्या कार्यशाळा ओस पडल्या, त्यांची गिऱ्हाइकं त्या भाता ओढणाऱ्या पोरांकडे आली. ती आता बापे झाली होती आणि त्यांच्या हातात कसब होतं. केनेथ किंग या अभ्यासकाने या कारागिरांवर १९७७ मध्ये पुस्तक लिहिलं आणि १९९६ मध्ये पुन्हा त्याच विषयाकडे वळून दुसरं. हातातून हातात विद्या कशी गेली याचा इतका बारीक हिशेब कमी ठिकाणी सापडतो.

सरकारला मात्र हे लोक दिसत नव्हते. किंवा दिसले तर अडचण म्हणूनच दिसत. नैरोबीची महापालिका त्यांच्या टपऱ्या पाडे, पोलीस सामान उचलून नेत. सरकारचं लक्ष मोठ्या कारखान्यांकडे होतं. परदेशी कंपन्यांना बोलवायचं, आयात मालावर जकात बसवून त्यांना संरक्षण द्यायचं, मोटारींचे सुटे भाग बाहेरून आणून इथे जोडायचे. १९७२ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं एक पथक हान्स सिंगर आणि रिचर्ड जॉली यांच्या नेतृत्वाखाली केनियात आलं. बेकारी किती, हे त्यांना मोजायचं होतं. त्यांनी अहवालात लिहिलं ते थोडक्यात असं, की इथे माणसं रिकामी बसलेली नाहीत, ती मरमर राबताहेत. त्यांचं काम तुमच्या कागदावर येत नाही, एवढंच. 'असंघटित क्षेत्र' हा शब्द जगभरच्या सरकारी भाषेत रूढ झाला तो या अहवालामुळे. टपऱ्या पाडणं थांबवा, ही त्यातली सर्वात साधी शिफारस होती. तीच अमलात यायला सर्वात जास्त वेळ लागला.

आता १९८० च्या दशकातल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघू.

पहिली मोटारीची. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी नैरोबी विद्यापीठाला सांगितलं, की केनियाची स्वतःची मोटार बनवा. दिसायला कुरूप असली, वेगाला कमी असली तरी चालेल. इंजिनियर कामाला लागले, रेल्वेच्या कार्यशाळा, सैन्य, तंत्रनिकेतन सगळ्यांना जुंपलं. १९९० मध्ये पाच मोटारी तयार झाल्या. नाव 'न्यायो पायोनियर'. न्यायो म्हणजे पाऊलखुणा, मोईंची ती आवडती घोषणा होती. मोटार ताशी १२० किलोमीटर धावली. ती अगदीच टाकाऊ नव्हती हे सांगायला हवं, कारण नंतर तिची टिंगलच जास्त झाली. पण पाच मोटारी बनवणं वेगळं आणि पाच हजार बनवून विकणं वेगळं. कारखान्यासाठी मंडळ नेमलं, पैसा मात्र उभा राहिला नाही. सुटे भाग कोण पुरवणार, जुन्या जपानी गाड्या स्वस्तात मिळत असताना ही कोण घेणार, हे प्रश्न आधी कुणी विचारलेच नव्हते. एकही मोटार विकली गेली नाही. त्या खटाटोपातून उरलेल्या यंत्रांवर पुढे सुटे भाग बनवणारी एक सरकारी कंपनी उभी राहिली. तिची जागा कुठली, तर नैरोबीतली रेल्वेची तीच जुनी कार्यशाळा.

दुसरी गोष्ट शेगडीची, आणि ती मला अधिक मोलाची वाटते.

केनियातल्या शहरांत स्वयंपाक व्हायचा लोणारी कोळशावर, पत्र्याच्या शेगडीवर. तिला 'जिको' म्हणतात. ही पत्र्याची शेगडी रेल्वेच्या भारतीय मजुरांनी तिथे नेली असं मानलं जातं. भंगारातल्या पिंपाचा पत्रा कापून ती बनायची. स्वस्त होती, पण फार खादाड. कोळशातली दहा ते वीस टक्केच उष्णता भांड्याला मिळायची, उरलेली पत्र्यातून बाहेर. आपल्याकडच्या जुन्या बायका बादलीच्या शेगडीला आतून मातीचा जाड लेप का देत, हे आठवलं की दोष लगेच कळतो. इकडे शहरं वाढत होती, जंगलं कोळशासाठी तुटत होती, कोळसा महागत होता आणि गरिबाच्या मिळकतीचा मोठा वाटा चुलीत जात होता.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये नैरोबीत अपारंपरिक ऊर्जेवर संयुक्त राष्ट्रांची मोठी परिषद भरली. त्याच सुमारास अमेरिकी मदतीने एक ऊर्जा प्रकल्प सुरू झाला. थायलंडमध्ये मातीचं अस्तर असलेली बादलीच्या आकाराची शेगडी वापरतात, ती केनियाच्या मॅक्स किन्यांजुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासली. पहिले नमुने बिनसले. मातीचं अस्तर तडकायचं. बायकांच्या मंडळांना शेगड्या वापरायला दिल्या, तेव्हा तक्रारींचा पाऊस पडला. केनियाचं रोजचं अन्न म्हणजे 'उगाली', मक्याच्या पिठाची घट्ट उकड. ती जोर लावून घोटावी लागते आणि घोटताना शेगडी कलंडते. प्रयोगशाळेत पाणी उकळून उष्णता मोजणाऱ्याला हे कुठून सुचणार? मग आकार बदलला. कंबरेत बारीक, वर आणि खाली रुंद, अगदी आपल्या डमरूसारखा. खालचा भाग रुंद झाला, शेगडी ठाम बसली. अस्तर फक्त वरच्या निम्म्या भागात ठेवलं आणि ते पत्र्याला सिमेंटने पक्कं केलं. वजन उतरलं, किंमतही उतरली. कोळसा पाव हिश्शापासून चाळीस टक्क्यांपर्यंत वाचू लागला.

इथपर्यंतचं काम चांगल्या प्रकल्पांत होतंच. पुढचा निर्णय महत्त्वाचा ठरला. शेगडीसाठी मोठा कारखाना काढला नाही आणि ती फुकटही वाटली नाही. नैरोबीतल्या शौरी मोयो बाजारातल्या जुआ काली कारागिरांना ती बनवायला शिकवलं. कुंभार अस्तर भाजतो, पत्रेवाला सांगाडा ठोकतो, तिसरा दोन्ही जोडून विकतो. प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या कामात थोडी भर घातली. पेटंट वगैरे काही आडवं आलं नाही, शेजारच्याने शेजाऱ्याची नक्कल केली. सुरुवातीला ही शेगडी साध्या शेगडीच्या कितीतरी पट महाग होती. नक्कल करणारे वाढले तशी किंमत झपाट्याने कोसळली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत केनियात सात लाखांहून अधिक शेगड्या वापरात होत्या, शहरांतल्या निम्म्या घरांत ती पोचली होती. टांझानिया, युगांडा, रवांडा, सुदान, इथिओपिया इथेही तिच्या बहिणी तयार झाल्या. नकलेचा तोटाही झाला. कच्च्या भाजणीची, महिन्या-दोन महिन्यांत फुटणारी अस्तरंही बाजारात आली आणि गिऱ्हाइकाला बाहेरून फरक कळेना.

मोईंना श्रेय द्यायचं तिथे द्यायला हवं. १९८५ च्या अखेरीस ते नैरोबीच्या कामुकुंजी भागात या कारागिरांना भेटायला गेले, त्यांना उन्हात काम करताना पाहिलं आणि छप्पर बांधून देण्याचा हुकूम सोडला. पुढच्या वर्षीच्या सरकारी धोरणात जुआ कालीचं नाव आलं, नंतर त्यासाठी खातं निघालं, १९९२ मध्ये स्वतंत्र धोरण आलं. कालपर्यंत हाकलला जाणारा माणूस आज राष्ट्राचा आधारस्तंभ ठरला. अर्थात मतांचा हिशेब त्यात होताच. पण कारागिराला हवं होतं ते छपरापेक्षा जागेचं पक्कं कागदपत्र, आणि ते मात्र बहुतेकांना मिळालं नाही. शेड बांधून दिलेली जमीन उद्या कुणा बड्याच्या नावावर झाली तर? या धास्तीत जगणारा माणूस दोनशे किलोचं यंत्र आणून जमिनीत रोवत नाही. संध्याकाळी पिशवीत घालून नेता येईल तेवढीच हत्यारं तो बाळगतो. मला वाटतं, केनियाचा पत्रेवाला तीस वर्षांनंतरही पत्रेवालाच का राहिला, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं उत्तर त्या जुन्या उतरंडीत सापडतं. केनियात एका टोकाला भारतीय वंशाच्या लोकांचे आणि परदेशी कंपन्यांचे मोठे कारखाने आहेत, दुसऱ्या टोकाला लाखो जुआ काली, आणि मधला, तीस-चाळीस कामगारांचा कारखाना जवळपास नाहीच. पुण्याच्या भोसरीत किंवा कोल्हापूर-इचलकरंजीत मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवता पुरवता लहान वर्कशॉप मोठं होतं. नैरोबीत त्या दोन टोकांमध्ये असा पूल क्वचितच पडला. एकाला दुसऱ्याचा माल भरवशाचा वाटत नाही, दुसऱ्याला पहिल्याची नियत. १९९० च्या दशकात आयात खुली झाली, जुने कपडे गठ्ठ्यांनी आणि चिनी भांडी कंटेनरने येऊ लागली, तेव्हा दोघांनाही झळ बसली. एकूण राष्ट्रीय उत्पन्नात कारखानदारीचा वाटा वाढायच्या ऐवजी घटत गेला. २०२३ मध्ये तो आठ टक्क्यांच्याही खाली होता. मोंबासा-नैरोबी नवी रेल्वे २०१७ मध्ये धावू लागली, तिचं कर्ज, इंजिनं आणि डबे चीनमधून आले.

कामुकुंजीत ठोकाठोक चालू आहे. तिथे जुन्या रुळाचा तुकडा ऐरण म्हणून वापरतात. आता शेगड्यांबरोबर कोंबड्यांची खाद्यपात्रं, बटाटे तळायच्या कढया, हातगाड्या बनतात. केनियात अनेक मुलं निवासी शाळांत शिकतात आणि प्रत्येकाला पत्र्याची ट्रंक लागते. शाळा उघडायच्या आधी जानेवारीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत ट्रंकांच्या उतरंडी लागतात, आणि आईबाप कडी-कोयंडा खटखट वाजवून बघत घासाघीस करत असतात.